आकडा ठाऊक आहे, तरी शोधनिबंध सापडत नाही: मूल्य आणि एकक यांवरून शोध घेताना

अडचण साधारणपणे अशी असते. एखाद्या पदार्थाचे क्रांतिक तापमान किंवा एखाद्या विकराचा (एन्झाइमचा) स्थिरांक कुठल्यातरी शोधनिबंधात वाचल्याचे पक्के आठवत असते, आणि तो आकडा एककासह शोधपेटीत टाकला की एकतर एकही निकाल येत नाही, किंवा असे हजारो निकाल येतात ज्यांत तोच आकडा पृष्ठक्रमांक, संदर्भक्रमांक किंवा रुग्णांची संख्या म्हणून आलेला असतो. दुसऱ्या प्रकारात नेमका आकडा ठाऊकच नसतो. १० ते ५० मायक्रोमोलर, किंवा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली, असा एक पल्ला तेवढा ठाऊक असतो आणि त्या पल्ल्यात बसणारे सगळे लेख हवे असतात. मग शब्द बदलले जातात, अवतरणचिन्हे घातली आणि काढली जातात, कधीतरी योगायोगाने लेख सापडतो, आणि पुढच्या विषयाला तीच अडचण पहिल्यापासून उभी राहते. ती परत परत येते याचे मुख्य कारण असे की तिच्यामागे एकच दोष नसतो. चार-पाच दोष एकमेकांवर चढलेले असतात, आणि त्यांतला एक दूर केला तरी बाकीचे लेख अडवून ठेवतात. म्हणून आधी निदान करावे आणि मग उपायाला हात घालावा.

सुरुवातीलाच सांगितलेले बरे की या लेखात एककांची चिन्हे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. शोधताना ती अर्थातच मूळ रोमन किंवा ग्रीक रूपात टाकायची आहेत.

मूळ कारण

बहुतेक साहित्यशोधक यंत्रणा मजकुराची उलटी सूची करून काम करतात. प्रत्येक लेखाचा मजकूर तुकड्यांत तोडला जातो आणि कोणता तुकडा कोणकोणत्या लेखांत आहे याची नोंद ठेवली जाते. या तुकड्याला टोकन म्हणतात. टोकन शब्दाचे असो वा आकड्याचे, सूचीच्या लेखी ती फक्त अक्षरांची माळ असते. ४९.९ आणि ५० जवळजवळचे आहेत हे तिला कळत नाही, ०.५ आणि ०.५० एकच आहेत हेही कळत नाही, आणि ५०० नॅनोमीटर व ०.५ मायक्रोमीटर ही एकच लांबी आहे हे तर तिला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या मनात मूल्य असते आणि यंत्रणा मात्र त्या मूल्याचे एक विशिष्ट लेखन शोधत असते. एका मूल्याची वीस लेखने असू शकतात, आणि लेखकाने त्यांपैकी कोणते निवडले हे आपल्याला आधी ठाऊक नसते.

ओळखीच्या लेखाची चाचणी

निदानासाठी माझ्या मते सर्वांत कामाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी युक्ती म्हणजे ज्यातील आकडा आपल्याला नक्की ठाऊक आहे असा एक लेख घेऊन तो आकड्यावरून सापडतो का हे पाहणे. आधी तो लेख शीर्षकातील शब्दांनी शोधावा. तसा सापडला नाही तर तो त्या संग्रहात मुळातच नाही, आणि पुढची सारी खटपट व्यर्थ आहे. सापडला तर शीर्षकातील एक ठळक शब्द आणि आकडा एवढेच टाकावे, एकक घालू नये. त्यानंतर एकक जोडावे, पहिल्या वेळी चिन्हाने आणि दुसऱ्या वेळी पूर्ण नावाने. लेख ज्या पायरीवर नाहीसा होतो त्या पायरीवर दोष आहे.

उदाहरण म्हणून अतिसंवाहकतेचे, म्हणजे विद्युतरोध नाहीसा होण्याच्या गुणाचे, दोन गाजलेले लेख घेऊ. माइन्झ येथील मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने २०१५ साली ‘नेचर’मध्ये गंधकाच्या हायड्राइडमध्ये २०३ केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि २०१९ साली त्याच नियतकालिकात लॅन्थॅनम हायड्राइडमध्ये २५० केल्व्हिनला. एकाच गटाचे, एकाच नियतकालिकातले, चार वर्षांच्या अंतराने आलेले हे लेख. पण पहिल्याच्या शीर्षकात ‘केल्व्हिन’ हा शब्द पूर्ण लिहिलेला आहे आणि दुसऱ्याच्या शीर्षकात केवळ त्याचे एकाक्षरी चिन्ह आहे. शीर्षकापुरता शोध घेणाऱ्याने एककाचे चिन्ह टाकले तर पहिला लेख निसटतो आणि नाव टाकले तर दुसरा. शिवाय दुसऱ्या लेखातले तापमान सुमारे उणे २३ अंश सेल्सिअस असे शोधणाऱ्याला दोन्ही शीर्षकांतून काहीच मिळणार नाही. एवढ्या प्रसिद्ध लेखांची ही गत असेल तर आडबाजूच्या नियतकालिकातील एखाद्या तक्त्यातल्या आकड्याची काय असेल हे सांगायला नको.

दोष पहिला: आकडा सूचीतच नाही

चाचणीत लेख शीर्षकाने सापडतो, पण आकडा टाकताच नाहीसा होतो, तेव्हा आधी हाच संशय घ्यावा. पबमेड ही वैद्यकीय साहित्याची शोधयंत्रणा शीर्षक, सारांश आणि विषयसंज्ञा यांत शोधते, लेखाच्या पूर्ण मजकुरात नाही. मोजमापांचे आकडे तर बहुतांशी पद्धती आणि निष्कर्ष या भागांत, तक्त्यांत, आलेखांत आणि पूरक फाइलींत असतात. सारांशात येतात ते लेखकाला मिरवावेसे वाटलेले दोन-चार. त्यामुळे शोध पूर्ण मजकुराच्या संग्रहाकडे वळवावा. जीवशास्त्र आणि वैद्यकासाठी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी हे असे संग्रह आहेत, आणि युरोप पीएमसीमध्ये शोध केवळ पद्धतींच्या भागापुरता किंवा तक्त्यांपुरता मर्यादित करता येतो. आकड्यांच्या शोधात याचा फार उपयोग होतो, कारण संदर्भसूचीतील पृष्ठक्रमांकांचा गोंधळ त्याने एका फटक्यात कमी होतो.

आकडा चित्ररूपातल्या आलेखात किंवा पूरक फाइलीत असेल तर तो बहुतेक मजकूरशोधांत येणार नाही. तिथे आकडा सोडून द्यावा आणि राशीचे (जे मोजले त्या गुणाचे) नाव, मोजण्याची पद्धत व पदार्थ या तिघांवरून शोध घ्यावा. ‘कोणी किती मोजले’ याऐवजी ‘कोणी हे मोजले’ असे विचारले की उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. लेख हाती आल्यावर आकडा डोळ्यांनी पाहायचा. हे कमीपणाचे वाटते, पण वेळ वाचवते.

दोष दुसरा: आकडा आहे, पण तोडताना बिघडला

मजकुराचे तुकडे करण्याचे नियम असतात, आणि ते आकड्यांसाठी नव्हे तर शब्दांसाठी केलेले असतात. ल्युसीन या मुक्त ग्रंथालयावर अनेक शोधयंत्रणा उभ्या आहेत, आणि त्याचा प्रमाणित तोडणारा घटक युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या शब्दसीमांचे नियम पाळतो. ते नियम आकड्यांना कसे लागू पडतात हे एकदा समजून घेतले की पुष्कळशी कोडी सुटतात.

आकडा आणि एकक जोडून लिहिले, म्हणजे ५ नंतर जागा न सोडता मिलिग्रॅमचे चिन्ह आले, तर दोन्ही मिळून एकच टोकन होते. जागा सोडली तर दोन होतात. आंतरराष्ट्रीय एककपद्धतीचा नियम जागा सोडण्याचा आहे आणि कोनाचे अंश, मिनिटे, सेकंद एवढाच त्याला अपवाद आहे, पण लेखक तो नियम सरसकट पाळत नाहीत. म्हणून क्वेरीमध्ये, म्हणजे शोधपेटीत टाकायच्या मजकुरात, जोडलेले आणि सुटे अशी दोन्ही रूपे ‘किंवा’ने जोडून द्यावीत. दशांशचिन्ह म्हणून टिंब असेल तर आकडा अखंड राहतो. ‘द लॅन्सेट’सारखी नियतकालिके मात्र दशांशचिन्ह ओळीच्या मध्यावर देत आली आहेत, आणि ते मध्यबिंदूचे चिन्ह या नियमांत अक्षरे जोडणारे मानले आहे, आकडे जोडणारे नाही, त्यामुळे मध्यबिंदूने लिहिलेल्या ०.५ चे शून्य आणि पाच असे दोन सुटे तुकडे होतात. युरोपातील अनेक भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम हे दोन्ही मान्य केले आणि हजारांचे गट पाडण्यासाठी दोहोंपैकी काहीही न वापरता केवळ जागा सोडावी असे सांगितले. ही जागा सोडली की दहा हजारांचे ‘१०’ आणि ‘०००’ असे दोन टोकन होतात. स्वल्पविराम घातला तर टोकन एकच राहते, पण स्वल्पविरामाशिवाय लिहिलेल्या आकड्याशी ते जुळत नाही. यावर उपाय म्हणजे अवतरणचिन्हांतला वाक्प्रचार: ‘१० ०००’ हे दोन टोकन लागोपाठ असावेत अशी मागणी केली की जागा सोडलेली रूपे मिळतात, आणि उरलेली दोन रूपे वेगळी जोडावी लागतात.

यापेक्षा घातक म्हणजे जे पूर्णपणे गळून पडते ते. उणेचे चिन्ह, टक्क्याचे चिन्ह, अंशाचे वर्तुळ, ‘पेक्षा कमी’ दाखवणारा कोन आणि अधिक-उणेचे जोडचिन्ह यांतले काहीच या नियमांत शब्द ठरत नाही, म्हणून सूचीत येत नाही. परिणामी उणे २० अंश आणि २० अंश ही दोन तापमाने सूचीत एकच होतात. साठवणुकीचे तापमान शोधणाऱ्याला फ्रीझरचे आणि खोलीतल्या तापमानाचे लेख एकत्र मिळतात ते यामुळेच. चिन्ह परत आणता येत नाही, पण संदर्भाचा शब्द जोडता येतो: गोठवणे, साठवण, फ्रीझर. आकड्याच्या शेजारी असा शब्द पाच-सात शब्दांच्या आत असावा अशी अट घालता आली तर उत्तमच. पबमेडमध्ये शीर्षक आणि सारांश यांपुरती अशी निकटतेची अट नोव्हेंबर २०२२ पासून घालता येते.

आता लहान-मोठ्या अक्षरांविषयी. बहुतेक यंत्रणा सूची करताना सारी अक्षरे लहान करतात, आणि शब्दांसाठी ते योग्यच आहे. एककांसाठी मात्र ते विनाशक ठरते. मिलिपास्कल आणि मेगापास्कल यांच्या चिन्हांत फक्त पहिल्या अक्षराच्या लहान-मोठेपणाचा फरक आहे आणि मूल्यात अब्जपटीचा. नॅनोमीटर आणि नॅनोमोलर, मिलिमीटर आणि मिलिमोलर, मिलिसेकंद आणि मिलिसिमेन्स या जोड्या तर राशीच बदलतात. औषधाच्या ५० नॅनोमोलर तीव्रतेचा शोध घेतला आणि ५० नॅनोमीटर व्यासाच्या कणांवरचे लेख आले, हा अनुभव या क्षेत्रातील बहुतेकांना असतो. नॅनोकणांतून औषध पोहोचवण्याचा विषय असेल तर दोन्ही आकडे एकाच सारांशात असतात आणि गाळणी आणखी अवघड होते. इथे चिन्हावर विसंबूच नये. एककाचे पूर्ण नाव, किंवा तीव्रता, निरोधन, व्यास, जाडी यांसारखे राशीचे नाव हाच वेगळेपणा टिकवणारा आधार आहे. एककांच्या संकेतनासाठी तयार केलेल्या यूकम या पद्धतीने हा धोका ओळखून लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारे एक वेगळे रूप दिले आहे, ज्यात मेगाला एकाऐवजी दोन अक्षरे मिळतात. पण शोधनिबंध लिहिणारे यूकममध्ये लिहीत नाहीत. जाता जाता एक गंमत: इंचाचे चिन्ह आणि इंग्रजीतील ‘इन’ हा अत्यंत प्रचलित शब्दयोगी शब्द दिसायला एकच आहेत, आणि असे शब्द वगळणाऱ्या यंत्रणेत ते एकक अस्तित्वातच उरत नाही.

दोष तिसरा: दिसायला एक, आतून दोन

क्वेरी डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, चाचणीचा लेख उघडला तर त्यात तेच चिन्ह दिसते, तरीही जुळणी होत नाही, अशा वेळी चिन्हाचा युनिकोड क्रमांक तपासावा. ‘मायक्रो’ उपसर्गाचे चिन्ह युनिकोडमध्ये दोनदा आहे: दशमान क्रमांक १८१ हे मायक्रोचे स्वतंत्र चिन्ह आणि ९५६ हे ग्रीक अक्षर म्यू. बहुतेक टंकांत (फॉन्टमध्ये) दोन्ही सारखीच दिसतात. ओहमचे चिन्ह (८४८६) आणि ग्रीक ओमेगा (९३७), केल्व्हिनचे चिन्ह (८४९०) आणि रोमन अक्षर, ॲंग्स्ट्रॉमचे चिन्ह (८४९१) आणि डोक्यावर वर्तुळ असलेले अक्षर (१९७) यांचीही तीच कथा. उणेचे खरे चिन्ह ८७२२ आहे, कळफलकावरची आडवी रेघ ४५ आहे आणि पल्ला दाखवणारी लांब रेघ ८२११.

यांतील ओहम, केल्व्हिन आणि ॲंग्स्ट्रॉम यांची युनिकोडच्या साध्या प्रमाणीकरणातही (एकाच चिन्हाची वेगळी रूपे एका रूपात आणण्याच्या प्रक्रियेतही) नेहमीच्या अक्षरांत रूपांतरे होतात. मायक्रोचे होत नाही. त्यासाठी सुसंगततेचे अधिक कडक प्रमाणीकरण लावावे लागते. स्वतःचा संग्रह तयार करणाऱ्यांना हे कडक प्रमाणीकरण सगळीकडे लावण्याचा मोह होतो, आणि तिथेच ते फसतात, कारण ते घातांकही सपाट करते. दहाचा तिसरा घात वर उचललेल्या ३ ने लिहिला असेल तर त्याचे १०३ होते. म्हणून आधी घातांक ओळखून त्यांचे उघड लेखन करावे आणि मग प्रमाणीकरण करावे. क्रम उलटला तर हानी भरून काढता येत नाही.

पीडीएफमधून मजकूर काढताना आणखी एक अपघात होतो, आणि तो मला सर्वांत भयंकर वाटतो. जुन्या लेखांत म्यू हे अक्षर ‘सिम्बॉल’ नावाच्या टंकाने छापलेले असे, ज्यात ते रोमन ‘एम’च्या जागेवर बसवलेले आहे. मजकूर काढताना टंकाची माहिती गळाली की म्यूचा एम होतो, आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम. आकडा तोच राहतो, एकक शुद्धच दिसते, आणि मूल्य हजारपट होते. कुठलीही यंत्रणा यावर इशारा देत नाही. जुन्या पीडीएफमधून मिळालेली मात्रा किंवा तीव्रता वापरण्यापूर्वी मूळ पानाची प्रतिमा पाहिलीच पाहिजे, आणि शोधताना मायक्रोग्रॅमसाठी दोन्ही म्यू, रोमन ‘यू’ने लिहिलेले कामचलाऊ रूप, वैद्यकात रूढ असलेले तीन अक्षरी रूप आणि पूर्ण नाव ही सारी द्यावीत. गरज पडली तर मिलिग्रॅमचे रूपही.

दोष चौथा: मूल्य तेच, एकक वेगळे

इथपर्यंतच्या दोषांना काही यांत्रिक उपाय होते. याला विषयाचे ज्ञान लागते. हिरव्या लेझरची ५३२ नॅनोमीटर ही तरंगलांबी कोणी ५३२० ॲंग्स्ट्रॉम लिहील, कोणी २.३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि कोणी तरंगसंख्येत दर सेंटीमीटरला १८७९७. रूपांतर करून तिन्ही क्वेरीत घालणे सोपे आहे. अवघड आहे ती पूर्णांकनाची बाजू. लेखकाने कदाचित १८८०० लिहिले असेल किंवा २.३ वर थांबला असेल. रूपांतरानंतर एकच आकडा न टाकता दोन, तीन आणि चार सार्थ अंकांपर्यंतची रूपे टाकावीत, आणि शेवटी शून्य असलेली व नसलेली अशी दोन्हीही.

काही रूपांतरे नुसत्या गुणाकाराने होत नाहीत. मधुमेहाच्या साहित्यात ग्लुकोजसाठी डेसिलिटरमागे मिलिग्रॅम आणि लिटरमागे मिलिमोल अशी दोन एकके चालतात, आणि १८ ने भागले की काम भागते. १२६ चे ७.० होतात. कोलेस्टेरॉलसाठी भाजक सुमारे ३८.७ आहे, कारण रेणुभार वेगळा. एचबीए१सी या, रक्तातील साखरेची काही महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या चाचणीची टक्केवारी आणि मोलमागे मिलिमोल यांच्यात मात्र गुणक आणि बेरीज दोन्ही येतात: मिलिमोलच्या आकड्याला ०.०९१५ ने गुणून त्यात २.१५ मिळवले की टक्केवारी येते, म्हणून ४८ म्हणजे ६.५ टक्के आणि ५३ म्हणजे ७ टक्के. ज्याने केवळ टक्केवारीत शोध घेतला त्याच्या हातून नुसत्या मिलिमोलमध्ये लिहिलेले सगळे लेख सुटतात.

काही ठिकाणी रूपांतर शक्यच नसते. अपकेंद्रित्राचा (सेंट्रिफ्यूजचा) वेग मिनिटामागे फेऱ्यांत दिला असेल आणि रोटरची त्रिज्या सांगितली नसेल तर गुरुत्वाच्या पटीतला आकडा काढता येत नाही: ३००० फेऱ्यांना १० सेंटीमीटर त्रिज्येवर सुमारे १००० पट बल मिळते आणि १५ सेंटीमीटरवर सुमारे १५००. अशा वेळी दोन एककांचे लेख दोन वेगळ्या याद्यांत ठेवावेत, जबरदस्तीने एकत्र करू नयेत. दशलक्षभागांचे (पीपीएम) प्रमाणही तसेच फसवे आहे. वायूत ते बहुधा आकारमानाचे असते आणि पाण्यात वस्तुमानाचे. प्रमाणित तापमान आणि दाब यांचा हवाला असेल तर लेखाचे वर्ष पाहावे, कारण रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ साली प्रमाणित दाब एका वातावरणावरून एका बारवर आणला. आदर्श वायूचे मोलर आकारमान २२.४१ लिटर आहे की २२.७१, हे त्यावर ठरते.

आणि कधी आकडा शब्दात दडलेला असतो. ‘खोलीच्या तापमानाला’, ‘रात्रभर’, ‘द्रवरूप नायट्रोजनमध्ये’ असे लिहिणाऱ्या लेखकाने २५ अंश, १६ तास किंवा ७७ केल्व्हिन असे कुठेच म्हटलेले नसते. हे शब्द क्वेरीत ‘किंवा’ने जोडण्यास विसरू नये.

पल्ल्याचा शोध

‘१० ते ५० मायक्रोमोलर’ अशी मागणी मजकुराच्या शोधयंत्राकडे करण्यात अर्थ नाही. गूगल स्कॉलरमध्ये पल्ला देता येतो तो फक्त वर्षांचा. शेवटच्या अंकाऐवजी तारांकन टाकण्याची युक्तीही चालत नाही: पबमेडमध्ये तारांकनाआधी किमान चार अक्षरे लागतात, आणि जिथे चालते तिथेही ५३ नंतरच्या तारांकनाने ५३, ५३० आणि ५३००० हे सारे सारख्याच उत्साहाने येते.

पल्ला हवा असेल तर आकडे आधीच वेगळे काढून ठेवलेल्या माहितीसाठ्याकडे जावे. विकरांसाठी ब्रेंडा आहे, ज्याची सुरुवात १९८७ साली ब्राउनश्वाइग येथे झाली. औषधी रेणूंच्या क्रियाशीलतेसाठी चेंबल आहे. तिथे लेखातील मूळ आकडा आणि एकक यांच्या शेजारी प्रमाणित आकडा व एकक दिलेले असते, आणि तुलनायोग्य मोजमापांसाठी मोलर मूल्याचा ऋण लॉगरिदमही, म्हणजे १० नॅनोमोलरला ८. पल्ला या शेवटच्या रकान्यावर लावावा. एककाचा प्रश्नच उरत नाही. उष्मागतिकी आणि वर्णपटांसाठी एनआयएसटी या अमेरिकी मानकसंस्थेचे वेबबुक, आणि वर्गणी उपलब्ध असेल तर रिॲक्सिस हा रसायनशास्त्राचा साठा, ज्यात बाइलश्टाइन आणि ग्मेलिन या रसायनशास्त्रीय संदर्भग्रंथांचा जुना वारसा सामावलेला आहे. अशा साठ्यात सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक आकड्याखाली मूळ लेखाचा हवाला असतो. मजकुरातून लेख शोधण्यापेक्षा आकड्यावरून हवाला आणि हवाल्यावरून लेख हा उलटा रस्ता मला बहुतेक वेळा जवळचा ठरला आहे.

साठाच नसेल तर तो स्वतः लहान प्रमाणात करावा. राशी, पदार्थ आणि पद्धत यांवरून दोन-तीनशे लेख काढावेत, त्यांचा पूर्ण मजकूर उतरवून घ्यावा, आणि आकडा-एककांच्या जोड्या वेगळ्या कराव्यात. साध्या कामाला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातील ठरावीक साचा शोधणारे सूत्र, पुरते. मोठ्या कामासाठी ग्रोबिड-क्वांटिटीज आणि केमडेटाएक्स्ट्रॅक्टर यांसारखी मुक्त साधने आहेत. अवघड काम आकडा शोधण्याचे नसते. तो आकडा कशाचा आहे हे ठरवण्याचे असते. २०२१ साली मेझइव्हॅल या नावाने झालेल्या सामाईक स्पर्धेत आकडा आणि एकक यांसोबत मोजलेली वस्तू, तिचा गुणधर्म आणि मोजण्याची परिस्थिती हेही ओळखायला सांगितले होते ते याचमुळे.

तक्त्यांतून आकडे काढताना शिरोलेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. रकान्याच्या डोक्यावर ‘दहाचा तिसरा घात गुणिले स्थिरांक’ असे लिहिले असेल आणि खाली ४.२ असेल, तर खरा स्थिरांक ०.००४२ आहे; छापलेला आकडा आधीच हजाराने गुणलेला आहे. निष्णात माणसेही इथे उलट गुणाकार करतात. कंसातला अंक हाही असाच: २३.५ नंतर कंसात ४ म्हणजे शेवटच्या स्थानात ४ ची अनिश्चितता, म्हणजे अधिक-उणे ०.४; यंत्राने तो संदर्भक्रमांक समजून टाकून दिलेला असतो किंवा आकड्याला चिकटवून २३.५४ केलेला असतो.

एक क्वेरी घडवताना

समजा एका विकराचा मायकेलिस स्थिरांक (विकराचा वेग कमालीच्या निम्मा होतो ती तीव्रता) २० मायक्रोमोलरच्या आसपास सांगणारे लेख हवे आहेत. पहिल्या फेरीत आकडा अजिबात घालू नये: विकराची सर्व नावे आणि त्याचा वर्गीकरण क्रमांक एका गटात, आणि स्थिरांकाचे पूर्ण नाव व दोन अक्षरी चिन्ह दुसऱ्या गटात. निकाल शंभरच्या घरात आले तर आकड्याची गरजच नाही, वाचून काढावेत. हजारोंत आले तर तिसरा गट एककांचा घालावा: मायक्रोमोलर पूर्ण नावाने, दोन्ही म्यूंनी, रोमन ‘यू’ने, आणि मिलिमोलर, कारण ०.०२ मिलिमोलर लिहिणारे पुष्कळ असतात. तरीही गर्दी असेल तरच चौथा गट आकड्यांचा, आणि तोही निकटतेच्या अटीसह. आकडा सर्वांत शेवटी घालायचा, कारण आकड्याची लेखने सर्वांत जास्त आणि म्हणून लेख निसटण्याचा धोकाही त्यानेच सर्वांत जास्त. अनेकजण नेमके उलट करतात: आकड्यापासून सुरुवात करतात आणि निकाल न आल्यावर शब्द बदलत बसतात.

क्वेरी तयार झाल्यावर परत त्याच चाचणीकडे यावे, पण आता एका लेखाने भागणार नाही. हव्या त्या पल्ल्यात बसतात हे आधीच ठाऊक असलेले पाच-सहा लेख, शक्यतो वेगवेगळ्या दशकांतले आणि वेगवेगळ्या प्रकाशकांचे, बाजूला ठेवावेत आणि क्वेरीच्या निकालांत ते सगळे येतात का पाहावे. एखादा निसटला तर तो उघडून त्यात आकडा कसा लिहिला आहे ते अक्षरशः पाहावे, चिन्हाची नक्कल करून त्याचा युनिकोड क्रमांक तपासावा, आणि ते रूप तारखेसह नोंदवून क्वेरीत घालावे. पाचही आल्यावर सहावा असा घ्यावा की जो क्वेरी घडवताना डोळ्यांसमोर नव्हता, आणि तो येतो का ते पाहावे.